उदयपूरच्या लग्नाला जाताना

तुळशीचे लग्न लागले की विवाहमुहूर्तांचा हंगाम सुरू होतो आणि त्याबरोबर अलीकडे आमच्या दवाखान्यात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे : "डॉक्टर, उदयपूरला लग्नाला बोलावले आहे. जाऊ ना?" विचारणारे बहुधा साठी ओलांडलेले असतात. कोणाच्या भाचीचे लग्न असते, कोणाच्या बालमित्राच्या नातवाचे. पत्रिकेसोबत तीन दिवसांचा कार्यक्रम आलेला असतो. मेंदी, हळद, संगीत, वरात, लग्न आणि स्वागतसमारंभ यांच्या वेळा आणि त्या त्या वेळच्या पोशाखांचे रंगदेखील त्यात ठरवून दिलेले असतात. मात्र जेवण प्रत्यक्षात किती वाजता होईल, खोलीपासून मंडपापर्यंत किती पायऱ्या आहेत आणि रात्री उघड्या अंगणात थंडी किती असेल, हे त्यात लिहिलेले नसते. माझे उत्तर बहुतेक वेळा "अवश्य जा" असेच असते. परंतु त्यापुढे जे सांगावे लागते, ते दवाखान्याच्या पाच मिनिटांत मावत नाही. म्हणून हा लेख.

पूर्वीच्या लग्नघरात गर्दी, गैरसोय आणि गोंगाट असे. पण तेथे आपल्याला ओळखणारी माणसे असत. काकांची रात्रीची गोळी आठ वाजता असते, आक्कांना अळणी वाढायचे असते, हे कोणाला तरी ठाऊक असे. कोपऱ्यावर ओळखीचा औषधविक्रेता असे आणि हाकेच्या अंतरावर घरचा डॉक्टर. परगावच्या आलिशान हॉटेलात सेवा भरपूर मिळते, ओळख मिळत नाही. यजमानही तेथे पाहुणेच असतात. तेव्हा आपल्या प्रकृतीची ही ओळख पाहुण्याने स्वतःबरोबर न्यावी लागते. पुढील सर्व सूचनांचा अर्थ एवढाच आहे.

गाव आणि हवा

उदयपूर हे अरवलीच्या डोंगरांत वसलेले, तलावांचे शहर. मेवाडचे महाराणा उदयसिंह यांनी सोळाव्या शतकात ते वसविले. पिछोला तलाव त्याहूनही जुना, चौदाव्या शतकातला. तलावाच्या काठी राजवाडा, पाण्याच्या मधोमध जगनिवास आणि जगमंदिर हे दोन महाल, आणि समोरच्या टेकडीवर सज्जनगड. संध्याकाळी या पाण्यावर दिवे उतरू लागले की येथेच लग्न करावे असे तरुणांना का वाटते, ते कळते.

हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे पुण्याहून थोडेसेच उंच. तेव्हा तेथे दम लागला, तर त्याचे खापर उंचीवर फोडू नये. त्याचे कारण आपल्या शरीरातच शोधावे लागेल. हवेतील फरक वेगळ्या प्रकारचा आहे. लग्नाचा हंगाम कार्तिकी एकादशीनंतर सुरू होतो, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत मलमासामुळे थांबतो आणि मग पुन्हा फेब्रुवारीपर्यंत चालतो. या दिवसांत दुपारी २४–२५ अंशांचे सुखद ऊन असते आणि जानेवारीच्या रात्री पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेची सवय असलेल्यांना हा कोरडेपणा नाकात, घशात आणि ओठांवर लगेच जाणवतो.

लग्ने होतात ती बहुधा उघड्या अंगणात, हिरवळीवर किंवा पाण्याकाठी, आणि रात्री. भरजरी शालू थंडी अडवीत नाही. साडीच्या आत घालावयाचा पूर्ण बाह्यांचा उबदार पोशाख, पायमोजे आणि डोके-कान झाकणारी शाल जवळ असावी. छायाचित्रापुरती ती उतरवता येते. दमा किंवा जुना खोकला असणाऱ्यांनी श्वासाचे औषध, म्हणजे इनहेलर, खोलीत न ठेवता खिशात ठेवावे. थंड हवा, फटाक्यांचा धूर आणि मंडपातला होमाचा धूर यांची गाठ एकाच रात्री पडते. ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी थंडीत वरातीबरोबर तास-दीड तास उभे राहण्याचा हट्ट धरू नये. वरात मंडपाच्या दारी येईल, तेव्हा तेथे खुर्चीवर बसून स्वागत करणे यातही पुरेसा मान आहे.

प्रवासाची तयारी

मुंबईहून विमानाने उदयपूर दीड तासाच्या आसपास. विमानतळ डबोक येथे, शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. रेल्वेने वांद्रे टर्मिनसहून थेट गाडी आहे, पण तो रात्रभराहून अधिक लांबीचा प्रवास आहे. कोणत्याही मार्गाने जा, औषधे हातातल्या पिशवीतच ठेवा. विमानाच्या पोटात जाणारी बॅग उशिरा येऊ शकते, आणि तेथील थंडीत इन्सुलिन गोठले तर ते निकामी होते. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्येही बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ते ठेवू नये. वापरात असलेले पेन सामान्य खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चांगले राहते, त्यामुळे तीन दिवसांसाठी त्याची फार चिंता नको. औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा तीन दिवसांची अधिक घ्यावीत आणि मूळ वेष्टनातच ठेवावीत. डबीत सुट्या टाकलेल्या पांढऱ्या गोळ्या परगावच्या डॉक्टरला काहीच सांगत नाहीत.

याबरोबर एक कार्ड तयार करावे. त्यावर नाव, वय, आजार, औषधांची नावे व मात्रा, कशाची ॲलर्जी आहे ते, घरच्या डॉक्टरांचा आणि लग्नात हजर असलेल्या एका नातेवाइकाचा दूरध्वनी हे सारे इंग्रजीत किंवा हिंदीत लिहावे. शेवटच्या ईसीजीचे छायाचित्र मोबाईलमध्ये असावे. जुना ईसीजी समोर असला तर नवा बदल कोणता, हे अनोळखी डॉक्टरलाही क्षणात ओळखता येते. पेसमेकर असणाऱ्यांनी त्याचे ओळखपत्र सोबत न्यावे आणि संगीताच्या रात्री मोठ्या ध्वनिवर्धकाला टेकून उभे राहू नये. गर्भवतींनी तिकीट काढण्यापूर्वीच विमान कंपनीचा नियम पाहावा. सातव्या महिन्यापासून बहुधा डॉक्टरांचे पत्र मागितले जाते.

पायऱ्या, नावा आणि अनोळखी न्हाणीघर

जुन्या हवेल्या आणि महाल राहण्यासाठी रम्य असतात, पण गुडघ्यांचा विचार करून बांधलेले नसतात. पायऱ्या उंच आणि असमान, उंबरे मोठे, जिने अरुंद. जगदीश मंदिराला जायचे तर संगमरवरी पायऱ्यांची उभी चढण आहे. म्हणून खोली ठरण्यापूर्वीच यजमानांकडे संकोच न करता तीन गोष्टी विचाराव्यात : तळमजल्यावरची खोली किंवा उद्वाहन आहे का, कमोड आहे का, आणि न्हाणीघरात धरायला दांडी आहे का.

वृद्धांची हाडे मोडतात ती बहुधा गड चढताना नव्हे, तर रात्री तीन वाजता लघवीला उठल्यावर. घरी पाय डोळ्यांशिवाय वाट शोधतात. हॉटेलात दार उजवीकडे की डावीकडे, हेच आठवत नाही. पहिल्याच संध्याकाळी पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट दोनदा चालून पाहावी, एक दिवा रात्रभर चालू ठेवावा आणि रबरी तळाच्या सपाता न्याव्यात. अंघोळीसाठी टब असेल तर त्यात न उतरता स्टूल मागवून बादलीने अंघोळ करावी.

मधुमेहींसाठी पावलांविषयी एक वेगळा इशारा. उदयपूरच्या बाजारातल्या भरतकामाच्या मोजड्या सुंदर असतात आणि लग्नाच्याच दिवशी त्या घालाव्याशा वाटतात. पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला नवी मोजडी चावलेली कळत नाही. फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी आणि जखम भरायला महिने लागतात. मोजडी विकत घ्या, पण लग्नात रुळलेले पादत्राण वापरा, आणि रोज रात्री पावलांचे तळवे पाहा.

काही समारंभ जगमंदिरासारख्या बेटावर असतात. तेथे नावेने जावे लागते. नावेत जीवरक्षक जाकीट घालावे; साडी चुरगळेल याची काळजी करू नये. धक्क्यावर उतरताना हात धरायला माणूस असू द्यावा. आणि मुख्य म्हणजे, मध्येच परत यावेसे वाटले तर नाव कधी आणि कोणाला सांगून मिळेल, हे जातानाच विचारून ठेवावे. बेटावर रुग्णवाहिका पोहोचत नाही; आधी नाव, मग गाडी, आणि पुढे जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्या. ज्यांचा हृदयविकार अलीकडचा आहे, त्यांनी बेटावरचा कार्यक्रम सोडून काठावरच्या कार्यक्रमांत आनंद मानावा, असे मी स्पष्टच सांगतो.

मुहूर्त आणि जेवणाचे घड्याळ

आपल्याकडचे मुहूर्त बहुधा दिवसा किंवा गोरज वेळेचे असतात. मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या की पंगत. राजस्थानात फेरे अनेकदा मध्यरात्री किंवा त्यानंतर होतात. मुलगी मराठी आणि मुलगा मारवाडी असेल, तर दोन्ही पद्धतींचे विधी जोडले जातात आणि जेवणाची वेळ कोणाच्याच हाती राहत नाही. साडेआठला जेवणाऱ्या माणसापुढे साडेअकराला ताट येते.

ही गोष्ट मधुमेहींसाठी गंभीर आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन नेहमीच्या वेळी घेतले आणि जेवण दोन तास लांबले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते. ही औषधे अन्न प्रत्यक्ष समोर आल्यावरच घ्यावीत. रात्री एकदाच घ्यावयाचे, दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन मात्र नेहमीच्या वेळीच घ्यावे. त्याची मात्रा बदलायची का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. संध्याकाळी सात वाजता खोलीतच थोडे खाऊन निघणे उत्तम : मूठभर फुटाणे, एखादे फळ, किंवा घरून नेलेले थालीपीठ. कन्यादान करणारे आईवडील विधी होईपर्यंत उपास धरतात. त्यांपैकी कोणाला मधुमेह असेल, तर गुरुजींशी आधी बोलून दूध-फळांची मुभा घ्यावी.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम येतो, हातपाय थरथरतात, छाती धडधडते, माणूस चिडतो किंवा असंबद्ध बोलतो. लग्नाच्या गर्दीत याला थकवा समजतात. क्वचित मद्यपानाचाही संशय घेतात. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि गरज वाटल्यास पुन्हा द्यावे. लाडू किंवा बर्फी देऊ नये. त्यांतील तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे.

ताटातले आणि पेल्यातले

मेवाडी पाहुणचारात आग्रहाला 'मनवार' म्हणतात, आणि तो मनापासूनचा असतो. दाल-बाटी-चुरमा, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी, वर तुपाची धार. सगळे चाखावे, पण तुपात मुरलेली बाटी अर्धीच घ्यावी आणि चुरमा चमचाभर. ताटात थोडे शिल्लक ठेवून खात राहिले की वाढणाऱ्याचाही मान राहतो. मक्याची राब मिळाली तर अवश्य घ्यावी. या भागातले हे साधे, पोटाला सोसणारे अन्न आहे. रक्तदाब असणाऱ्यांनी पापड, लोणची आणि खारवलेले पदार्थ तीन दिवस सलग खाऊ नयेत.

पोट बिघडते ते बहुधा मसाल्यांनी नव्हे, तर तासन्‌तास बाहेर राहिलेल्या अन्नाने. वाफाळता पदार्थ निवडावा. कोमट भात, चिरून ठेवलेली फळे, उघड्या चटण्या, रबडी आणि सरबतातला बर्फ टाळावा. पाणी बंद बाटलीचे किंवा उकळलेले प्यावे. जुलाब झाले तर पहिले औषध म्हणजे क्षारसंजीवनी. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात ती मिसळावी. मोठे पाकीट एका लिटरचे असते, ते पेलाभर पाण्यात घालू नये. रक्त पडणे, ताप, लघवी कमी होणे किंवा लहान मुलाची सुस्ती दिसताच डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक सूचना मेंदीच्या दिवसासाठी. लगेच गडद रंगणारी 'काळी मेंदी' लहान मुलांच्या हाताला लावू देऊ नये. तिच्यात बहुधा केसांच्या कलपातले रसायन असते आणि त्याने त्वचेवर फोड येऊ शकतात. खरी मेंदी आधी केशरी दिसते आणि सावकाश गडद होते.

विघ्न नको म्हणून

आता ज्यासाठी हे सारे लिहावेसे वाटले, ते सांगतो. माझ्याकडे अनेक वर्षे येणारे एक निवृत्त शिक्षक दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला अशाच एका तलावाकाठच्या हॉटेलात गेले होते. मामा या नात्याने नवरीला मंडपात आणण्याचा मान त्यांचा. संध्याकाळी पायऱ्या उतरताना त्यांच्या छातीवर दडपण आले आणि कपाळावर घाम आला. त्यांनी खांबाला धरून श्वास घेतला, भाचीचा हात धरून तिला बोहल्यापर्यंत नेले, मंगलाष्टके होईपर्यंत ते मागे उभे राहिले आणि मग खोलीत जाऊन पडून राहिले. "लग्नात विघ्न नको" म्हणून बायकोलाही त्यांनी सांगितले नाही. पाठवणी झाल्यावर पहाटे त्यांना रुग्णालयात नेले. ते वाचले. पण हृदयाच्या स्नायूचा जो भाग त्या आठ-नऊ तासांत गेला, तो परत आला नाही. आज एक जिना चढताना ते मध्ये थांबतात. त्यांची भाची मला भेटायला आली होती. ती म्हणाली, "मामांनी एक शब्द बोलायला हवा होता. अंतरपाट पुन्हा धरता आला असता."

आपल्या पिढीवर हा संस्कार खोल आहे : कार्यात आपले दुखणे सांगू नये. परंतु हृदयविकारात आणि पक्षाघातात वेळ हेच औषध असते. छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात जाणारी कळ, अकारण घाम, अचानक दम, हे जाणवताच पाच मिनिटांत कोणाला तरी सांगावे. मधुमेहींना छातीत दुखेलच असे नाही. नुसता दम आणि घाम हीच खूण असू शकते. तोंड वाकडे होणे, एक हात खाली गळणे, बोलणे अडखळणे, ही पक्षाघाताची लक्षणे. पक्षाघात रक्ताच्या गुठळीमुळे असेल, तर ती विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. १०८ किंवा ११२ वर दूरध्वनी करावा. उदयपूरला रवींद्रनाथ टागोर वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले महाराणा भूपाल शासकीय रुग्णालय आहे, शिवाय खाजगी रुग्णालयेही आहेत. त्यांपैकी हृदयोपचाराची सोय असलेले सर्वांत जवळचे कोणते, हे हॉटेलात पोहोचल्याच्या दिवशीच स्वागतकक्षात विचारून घ्यावे.

यजमानांना विनंती

प्रत्येक वयस्क पाहुण्यामागे एक तरुण सोबती नेमावा. काकांचे कार्ड कोठे आहे, गोळ्या कोणत्या, इनहेलर कोणत्या खिशात, हे त्याला ठाऊक असावे. आणि गरज पडल्यास कोणालाही न विचारता मंडप सोडून गाडी काढण्याची मुभा त्याला आधीच दिलेली असावी. रात्रभर एक गाडी चालकासह राखून ठेवावी. वयस्कांसाठी आठ वाजता साधे जेवण, वरणभात आणि भाजी, वेगळे लावायला सांगावे. हॉटेलवाले ते आनंदाने करतात. पाहुण्यांना कार्यक्रम पाठवताना पोशाखाच्या रंगाखाली एक ओळ वाढवावी : पायऱ्या किती, थंडी किती, जेवण किती वाजता.

जोडून फिरायचे असेल तर

लग्नानंतर एक दिवस ठेवून लोक नाथद्वारा किंवा कुंभलगड करतात. नाथद्वारा सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. तेथे श्रीनाथजींची दर्शने ठरावीक वेळी उघडतात आणि दार उघडताच लोटालोट होते. काठी टेकणाऱ्यांनी गर्दीचे सण टाळावेत आणि सोबत्याशिवाय आत शिरू नये. कुंभलगड याच्याहून दूर आहे, रस्ता वळणांचा आणि गडावरची चढण उभी. गाडी लागणाऱ्यांनी निघण्यापूर्वी तासभर आधी गोळी घ्यावी, आणि आदल्या रात्री जागरण झालेल्या गुडघ्यांनी खालूनच ती लांबच लांब तटबंदी पाहावी. तलावाकाठी उन्हात बसून राहण्यातही उदयपूर पुरेसे भेटते.

परत आल्यावर तीन दिवसांत रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. एकाच पोटरीला सूज येऊन दुखत असेल, तर प्रवासाचा शीण म्हणून ती चेपत बसू नये, लगेच दाखवावी. आणि निघण्याच्या आठवडाभर आधी घरच्या डॉक्टरांकडे एक फेरी मारावी, पत्रिका घेऊनच. कार्यक्रमाच्या वेळा पाहून औषधांच्या वेळा कशा बसवायच्या, ते आम्हाला त्याच कागदावर लिहून देता येते.